चौथा आकडा : पार्श्वभूमी काढलेल्या छायाचित्रासाठी फाइलची निवड

संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर दिसणारे छायाचित्र म्हणजे पिक्सेल नावाच्या सूक्ष्म ठिपक्यांची आडव्या-उभ्या ओळींत मांडलेली जाळी असते, आणि यांतील प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगण्यासाठी लाल, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांचे प्रमाण दाखवणारे, शून्य ते २५५ या मर्यादेतले तीन आकडे पुरेसे होतात. तिन्ही आकडे शून्य असले की ठिपका काळा दिसतो, तिन्ही २५५ असले की पांढरा, आणि या दोन टोकांच्या मध्ये सुमारे १ कोटी ६७ लाख छटा याच तीन आकड्यांच्या कमी-अधिक मेळातून लिहिता येतात. या व्यवस्थेत एक गोष्ट मात्र लिहायला जागा नाही, ती म्हणजे ‘या ठिकाणी काहीच नाही’ ही. पांढरा हा रंग आहे, काळाही रंगच आहे. पारदर्शकता हा रंग नसल्यामुळे ती या तीन आकड्यांच्या कोणत्याही मेळात बसत नाही.

ही अडचण केवळ तात्त्विक नाही, कारण लग्नपत्रिका, वाढदिवसाचा फ्लेक्स, दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ, साडीच्या किंवा दागिन्यांच्या दुकानाची जाहिरात अशा असंख्य कामांत माणसाचे किंवा वस्तूचे चित्र मूळच्या पार्श्वभूमीपासून सोडवून दुसऱ्या पार्श्वभूमीवर ठेवावे लागते. डीटीपीच्या व्यवसायात याला ‘फोटो कट करणे’ म्हणतात, आणि असा कट केलेला फोटो मागताना ‘त्याची पीएनजी पाठवा’ असे सर्रास म्हटले जाते, म्हणजे एका फाइल-प्रकाराचे नाव आता त्या गुणधर्माचेच नाव होऊन बसले आहे. बहुतेक वेळा या सवयीने काम भागते. परंतु पार्श्वभूमी काढलेले छायाचित्र एखाद्या विशिष्ट फाइलमध्ये का टिकते, दुसरीत गेल्यावर का बिघडते आणि तिसरीत ते तितकेच चांगले राहून कितीतरी हलके का होते, हे समजण्यासाठी पारदर्शकतेचा हिशेब मुळात कसा ठेवला जातो, तिथपासून सुरुवात करावी लागते.

या हिशेबासाठी प्रत्येक पिक्सेलला रंगाच्या तीन आकड्यांबरोबर चौथा आकडा देण्याची कल्पना अमेरिकेतील न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी पुढे आणली. दोन चित्रे ठरावीक प्रमाणात एकमेकांत मिसळण्याच्या गणिती सूत्रात ते प्रमाण दाखवण्यासाठी अल्फा हे ग्रीक अक्षर वापरले जात असे, म्हणून या चौथ्या आकड्यांच्या संपूर्ण जाळीला ‘अल्फा चॅनेल’ हे नाव पडले. पुढे लुकासफिल्म या चित्रपटसंस्थेत काम करणारे थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात चित्रावर चित्र रचण्याच्या क्रियांचे नियम गणिताच्या शिस्तीत बांधून दिले, आणि आज कोणताही ब्राउझर, मोबाइल किंवा चित्रसंपादनाचे सॉफ्टवेअर एका थरावर दुसरा थर ठेवताना तेच नियम वापरते. चित्रपटसृष्टीला या शोधाचे मोल इतके वाटले की या चौघांना १९९६ साली ऑस्करच्या वैज्ञानिक आणि तांत्रिक पुरस्कारांपैकी एक देण्यात आला.

चौथा आकडाही शून्य ते २५५ असाच असतो. शून्य म्हणजे तो पिक्सेल पूर्ण पारदर्शक, २५५ म्हणजे पूर्ण अपारदर्शक. छायाचित्राच्या आतल्या भागात, म्हणजे चेहऱ्यावर, कपड्यांवर, हा आकडा सर्वत्र २५५ असतो आणि बाहेर सर्वत्र शून्य. त्यामुळे ‘आहे’ आणि ‘नाही’ अशी दोनच उत्तरे पुरतील असे प्रथमदर्शनी वाटते. वास्तविक सगळा प्रश्न या दोन प्रदेशांमधल्या एक-दोन पिक्सेल रुंदीच्या कडेवर उभा आहे, आणि ती कड जवळून पाहिल्याशिवाय कोणत्याही फॉरमॅटची परीक्षा करता येत नाही.

समजा, केसांत मोगऱ्याचा गजरा माळलेल्या एका स्त्रीचे छायाचित्र पांढऱ्या भिंतीसमोर काढलेले आहे आणि तिच्या कपाळाजवळची एक सुटी बट भिंतीवर दिसते आहे. ती बट पिक्सेलपेक्षा बारीक असल्यामुळे तिथला एखादा पिक्सेल संपूर्ण केसाचा नसतो किंवा संपूर्ण भिंतीचाही नसतो. त्याचा ४० टक्के भाग केसाने व्यापलेला आणि उरलेला ६० टक्के भिंतीचा, असे काहीतरी घडते. केसाचा रंग ४०, ४०, ४० इतका गडद आणि भिंत २५५, २५५, २५५ इतकी शुभ्र धरली, तर कॅमेऱ्याने त्या पिक्सेलसाठी टिपलेला रंग दोहोंची सरासरी म्हणून १६९, १६९, १६९ असा मध्यम राखाडी येतो. आता हे छायाचित्र कट करून भगव्या पार्श्वभूमीवर ठेवायचे आहे, आणि तो भगवा २५५, १५३, ५१ असा आहे. ती बट खरोखरच भगव्या कापडासमोर असती, तर कॅमेऱ्याला त्या पिक्सेलवर १६९, १०८, ४७ असा गडद तपकिरी रंग दिसला असता. पण कट करणाऱ्याने चौथा आकडा बरोबर, म्हणजे २५५च्या ४० टक्के इतका १०२ ठेवला आणि रंग मात्र कॅमेऱ्याने टिपलेला राखाडीच राहू दिला, तर मिश्रणातून २२१, १५९, ९८ हा फिकट रंग निघतो. केसांच्या सगळ्या कडेवर हेच घडले की डोक्याभोवती धुरकट पांढरी किनार उमटते. रस्त्यावरच्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांभोवती अशी किनार अनेकदा दिसते आणि तिचा दोष बहुधा फाइलच्या प्रकाराला दिला जातो.

हा दोष फाइलचा नसतो. भिंतीचा पांढरा रंग कडेच्या पिक्सेलमध्ये मिसळलेला असतानाच तो पिक्सेल ‘अर्धवट पारदर्शक’ म्हणून नोंदवला गेला, ही चूक फाइल तयार होण्यापूर्वीच झालेली असते, आणि कोणताही फॉरमॅट ती दुरुस्त करत नाही. उलट उत्तम फॉरमॅट ती चूकही जशीच्या तशी जपून ठेवतो. तिचा उपाय संपादनाच्या टप्प्यावरच करावा लागतो. वरच्या उदाहरणात १६९ मधून भिंतीचा वाटा, म्हणजे २५५च्या ६० टक्के इतके १५३ वजा केले, तर १६ उरतात, आणि त्याला केसाच्या ४० टक्के वाट्याने भागले की ४० हा केसाचा मूळ रंग परत मिळतो. फोटोशॉपमध्ये ‘डीकन्टॅमिनेट कलर्स’ या नावाने दिलेली सोय कडेत मिसळलेला पार्श्वभूमीचा रंग अशाच प्रकारे काढून टाकण्यासाठी आहे. गजऱ्याची अवस्था बटेपेक्षाही कठीण असते, कारण पांढऱ्या भिंतीसमोरच्या पांढऱ्या पाकळ्या कुठे संपतात आणि भिंत कुठे सुरू होते हे आपोआप पार्श्वभूमी काढणाऱ्या साधनांना अनेकदा कळत नाही आणि ती अर्धा गजरा भिंतीबरोबर पुसून टाकतात. ज्या छायाचित्राची पार्श्वभूमी पुढे काढायची आहे हे आधीच ठाऊक असते, ते केसांपासून आणि कपड्यांपासून वेगळ्या उठणाऱ्या एकसारख्या रंगासमोर काढणे, हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय होय.

कडेचा हा तपशील पाहिल्यावर फॉरमॅटच्या निवडीतला मूळ पेच स्पष्ट होतो. छायाचित्राच्या आतल्या भागात, चेहऱ्याच्या किंवा पैठणीच्या काठाच्या छटांत, थोडाफार बदल झाला तरी डोळ्यांना तो जाणवत नाही, त्यामुळे तिथे फाइल लहान करण्यासाठी पुष्कळ तडजोड चालते. चौथ्या आकड्यांच्या जाळीत मात्र अशी तडजोड चालत नाही, कारण १०२ चा ६० झाला की बट नाहीशी होते आणि शून्याचा १० झाला की मोकळ्या जागेवर धुळीचा पुसटसा थर दिसू लागतो. एकाच फाइलमध्ये तडजोड सोसणारे तीन आकडे आणि ती न सोसणारा चौथा आकडा अशा दोन स्वभावांची माहिती एकत्र नांदवायची आहे. आजवर आलेल्या प्रत्येक फॉरमॅटने या पेचाला दिलेले उत्तर वेगळे आहे, आणि निवड करताना तेच उत्तर पाहायचे असते.

सर्वांत प्रचलित असलेल्या जेपीईजीने, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या जेपीजीने, हा प्रश्न विचारातच घेतलेला नाही. १९९२ साली प्रमाणित झालेली ही पद्धत चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडते, प्रत्येक चौकोनातील ६४ आकड्यांचे रूपांतर संथ आणि जलद चढउतारांच्या मिश्रणात करते आणि डोळ्यांना न जाणवणारे जलद चढउतार ढोबळ करून किंवा गाळून फाइल आटवते. ज्या गणिती रूपांतरावर हे सारे उभे आहे, ते ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ बंगळूरमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात अध्यापन करणाऱ्या नासीर अहमद यांनी सुचवले असून त्याविषयीचा निबंध त्यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. जगातली अब्जावधी छायाचित्रे ज्यावर साठवली जातात, त्या पायात तीन भारतीय नावे आहेत, ही गोष्ट भारतात जितकी माहीत असायला हवी तितकी नाही. निसर्गातल्या दृश्यांसाठी जेपीईजी आजही उत्तम आहे, परंतु तिच्या नित्याच्या फाइलमध्ये अल्फासाठी घरच नाही. शिवाय गडद-फिकट असा एकदम होणारा बदल तिला झेपत नाही आणि अक्षरांच्या किंवा कापलेल्या आकृतीच्या कडेला बारीक किरकिर उमटते.

पारदर्शक चित्र जेपीजीमध्ये साठवले की पार्श्वभूमी कधी पांढरी होते तर कधी काळी, हा अनुभव अनेकांना येतो. याचे कारण असे की पूर्ण पारदर्शक पिक्सेलनाही तीन रंग-आकडे असतातच. ते दिसत नाहीत एवढेच. काही सॉफ्टवेअर चौथा आकडा टाकण्यापूर्वी चित्राखाली पांढरा कागद घालतात, तर काही तो नुसता गाळतात, आणि मग आतापर्यंत झाकलेले ते तीन आकडे उघडे पडतात, जे बहुतेक वेळा शून्य, शून्य, शून्य म्हणजे काळे असतात. नोकरीच्या किंवा परीक्षेच्या ऑनलाइन अर्जासाठी सही स्कॅन करून, तिची पार्श्वभूमी काढून, नंतर अर्जात मागितली म्हणून ती जेपीजीत बदलणाऱ्याला कधी कधी सगळाच काळा चौकोन मिळतो, कारण काळ्या शाईची सही काळ्या जमिनीवर आलेली असते. अशा अर्जासाठी सही पांढऱ्या कागदावरच राहू द्यावी. पारदर्शकतेचा तिथे काहीही उपयोग नसतो. फाइलच्या नावातले शेवटचे ‘पीएनजी’ खोडून ‘जेपीजी’ लिहिल्याने किंवा त्याच्या उलट केल्याने आतली रचना बदलत नाही, हेही इथेच सांगायला हवे.

पारदर्शकतेला लोकांपर्यंत नेणारा पहिला फॉरमॅट जीआयएफ होता. अमेरिकेतील कॉम्प्युसर्व्ह या कंपनीने तो १९८७ साली आणला आणि १९८९ च्या सुधारित आवृत्तीत पारदर्शकतेची सोय केली. त्यात एका चित्रात जास्तीत जास्त २५६ रंगांची यादी असते आणि त्यांपैकी एक जागा ‘पारदर्शक’ म्हणून राखून ठेवता येते. म्हणजे पिक्सेल एक तर पूर्ण आहे किंवा मुळीच नाही. आपल्या उदाहरणातल्या ४० टक्के केसाला इथे दोहोंपैकी एक बाजू घ्यावीच लागते, त्यामुळे कड करवतीच्या दात्यांसारखी होते. छायाचित्रासाठी जीआयएफ निवडण्याचे आज कोणतेही कारण उरलेले नाही.

त्याची जागा घेणाऱ्या पीएनजीचा जन्म एका पेटंटच्या वादातून झाला. जीआयएफमध्ये फाइल आटवण्यासाठी वापरलेल्या एलझेडडब्ल्यू या पद्धतीचे पेटंट युनिसिस कंपनीकडे होते, आणि जीआयएफ वापरणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी परवाना-शुल्क घेतले जाईल अशी घोषणा डिसेंबर १९९४च्या अखेरीस झाल्यावर इंटरनेटवरील प्रोग्रामरांनी आपला स्वतंत्र फॉरमॅट घडवण्याचे ठरवले. थॉमस बूटेल यांनी जानेवारी १९९५ मध्ये त्याचा पहिला आराखडा मांडला, अनेकांनी तो इंटरनेटवरच चर्चा करून तपासला, सुधारला, आणि ऑक्टोबर १९९६ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने त्याला शिफारशीचा दर्जा दिला. कोणाच्याही मालकीचा नसलेला, सर्वांसाठी खुला आणि तरीही अत्यंत काटेकोर असा हा आराखडा काही महिन्यांत परस्परांना क्वचितच भेटलेल्या माणसांनी तयार केला, ही संगणकाच्या इतिहासातली अभिमान वाटावा अशी घटना आहे. त्यांनी नावाचा उच्चार ‘पिंग’ असा सुचवला होता. मराठीत मात्र अक्षरे सुटी म्हणण्याचीच रीत पडली. खुद्द पारदर्शकतेचा लाभ सामान्य वापरकर्त्यांना मिळायला पुढची दहा वर्षे गेली, कारण त्या काळी सर्वाधिक वापरात असलेल्या इंटरनेट एक्स्प्लोररच्या सहाव्या आवृत्तीला पीएनजीतील अर्धवट पारदर्शकता नीट दाखवता येत नव्हती. ती २००६ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीला जमली.

पीएनजीने आपल्या पेचाला दिलेले उत्तर सरळ आहे : चारही आकड्यांपैकी एकाशीही तडजोड करायची नाही. याला हानीरहित संपीडन म्हणतात, म्हणजे फाइल आटवली तरी उलगडल्यावर प्रत्येक आकडा मूळचाच मिळतो. त्यासाठी पीएनजी प्रत्येक पिक्सेल जसाच्या तसा न लिहिता शेजारच्या पिक्सेलवरून त्याचा अंदाज बांधते आणि अंदाज व वस्तुस्थिती यांतला फरकच लिहून ठेवते. १२०, १२१, १२१, १२२ अशी ओळ असेल तर पहिल्या आकड्यानंतर नुसते १, ०, १ उरतात, आणि अशा लहान, पुन्हा पुन्हा येणाऱ्या आकड्यांचे गाठोडे फार लहान होते. बोधचिन्हे, आलेख, अक्षरे, पडद्याची प्रतिमा म्हणजे स्क्रीनशॉट यांत एकाच रंगाचे मोठे पट्टे असल्यामुळे हा अंदाज जवळजवळ नेहमी बरोबर येतो. छायाचित्रात मात्र त्वचेच्या, कापडाच्या पोताबरोबर कॅमेऱ्याच्या संवेदकातून आलेली अनियमित कणीदार धूळ प्रत्येक पिक्सेलमध्ये मिसळलेली असते, अंदाज सतत चुकतो आणि फरकही मूळ आकड्यांइतकेच अस्ताव्यस्त राहतात. दोन हजार बाय दोन हजार पिक्सेलचे छायाचित्र म्हणजे ४० लाख पिक्सेल, प्रत्येकी चार आकडे धरून १ कोटी ६० लाख बाइट; कट केल्यानंतर बाहेरचा रिकामा भाग फुकटात आटतो, पण माणसाचा भाग मोठा असेल तर कित्येक मेगाबाइटची फाइल उरतेच.

पीएनजीचा २५६ रंगांचा एक हलका उपप्रकारही आहे, ज्याला फोटोशॉपच्या भाषेत ‘पीएनजी-८’ म्हणतात. त्याविषयी असा समज आहे की जीआयएफप्रमाणेच त्यातही कड दातेरीच येणार. वस्तुतः त्या यादीतील प्रत्येक रंगाला स्वतंत्र चौथा आकडा देण्याची तरतूद पीएनजीत आहे, आणि ती वापरणाऱ्या साधनांनी बनवलेली फाइल मऊ कडही नीट दाखवते. तांब्याचा तांब्या, नारळ, एकरंगी पुतळा अशा मोजक्या छटांच्या वस्तूंसाठी हा उपप्रकार उत्तम आहे. चेहऱ्यासाठी तो निवडला की गालांवर रंगाचे पट्टे दिसू लागतात.

पीएनजीच्या प्रामाणिकपणाची एक बाजू मात्र सांभाळून घ्यायला हवी. पूर्ण पारदर्शक पिक्सेलचे तीन रंग-आकडेही ती जपते, त्यामुळे पार्श्वभूमी ‘काढताना’ सॉफ्टवेअरने फक्त चौथा आकडा शून्य केला असेल आणि रंग तसेच ठेवले असतील, तर मागची खोली, तिथले कागद, शेजारी उभे असलेले मूल हे सर्व फाइलमध्ये शिल्लक असते आणि अल्फा उलटा करून कोणालाही ते पाहता येते. सगळेच सॉफ्टवेअर असे वागत नाही, पण छायाचित्रात खासगी काही असल्यास झाकणे आणि पुसणे यांतला हा भेद ध्यानात ठेवून काढलेला भाग एकाच रंगाने भरून घेणे इष्ट.

या पेचाला दोन्ही स्वभाव ओळखणारे उत्तर वेबपीने दिले. गूगलने हा फॉरमॅट सप्टेंबर २०१० मध्ये जाहीर केला तेव्हा तो व्हिडिओ आटवण्याच्या व्हीपी-८ या पद्धतीतून घेतलेला, जेपीईजीला पर्याय म्हणून आणलेला फॉरमॅट होता आणि त्यात पारदर्शकता नव्हती. ती पुढच्या वर्षी आली. त्याची रचना अशी की रंगाचे तीन आकडे जेपीईजीसारखे, थोडी हानी पत्करून आटवायचे, आणि अल्फाची जाळी स्वतंत्र काढून ती हानीरहित पद्धतीने बांधायची. अल्फाच्या जाळीत बहुतांशी शून्य आणि २५५ यांचेच लांबलचक पट्टे असल्यामुळे ती काटेकोर ठेवूनही फार थोडी जागा घेते. चेहऱ्याला तडजोड, कडेला पूर्ण संरक्षण, अशी ही वाटणी आहे. गूगलच्या माहितीनुसार अशा पारदर्शक वेबपी फाइल पीएनजीच्या साधारण एकतृतीयांश आकाराच्या असतात. संकेतस्थळावर पार्श्वभूमी काढलेले छायाचित्र ठेवायचे असेल, तर आजच्या घडीला वेबपी ही सर्वांत समंजस निवड आहे. सफारी ब्राउझरने २०२० मध्ये तिला आश्रय दिल्यापासून ती न दिसणारे संगणक विरळ होत गेले आहेत. व्हॉट्सॲपवर गणपतीत आणि दिवाळीत फिरणारी पारदर्शक स्टिकरही वेबपीच असतात, ५१२ बाय ५१२ पिक्सेलची, आणि स्थिर स्टिकरला तर १०० किलोबाइटच्या आत बसावे लागते. याउलट, तेच कट केलेले छायाचित्र व्हॉट्सॲपवर ‘फोटो’ म्हणून पाठवले तर त्याचे जेपीईजी होऊन पारदर्शकता वाटेतच संपते. ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले की फाइल अबाधित पोहोचते, आणि कटिंगच्या कामात रोज होणारी अर्धी चिडचिड एवढ्याने वाचू शकते.

वेबपीला मर्यादा आहेत. हानीयुक्त प्रकारात ती रंगछटेची माहिती उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी निम्म्यावर आणते, उजेड-अंधाराची मात्र पूर्ण ठेवते. त्यामुळे लाल फेट्याच्या बारीक तुऱ्यासारखा तीव्र रंगाचा नाजूक भाग किंचित फिका पडू शकतो. तिची एक बाजू १६,३८३ पिक्सेलपेक्षा मोठी असू शकत नाही, आणि छपाईच्या जुन्या सॉफ्टवेअरना ती उघडताही येत नाही. याच वाटेवर पुढे गेलेला एव्हीआयएफ हा फॉरमॅट ‘अलायन्स फॉर ओपन मीडिया’ या संघटनेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. तोही अल्फा वेगळ्या, एकरंगी चित्राच्या रूपात जोडतो, अनेकदा वेबपीहून लहान होतो आणि क्रोम, फायरफॉक्स व सफारी यांनी २०२० ते २०२२ या काळात त्याला टप्प्याटप्प्याने स्वीकारले. फाइल तयार करायला लागणारा जास्त वेळ ही त्याची अडचण. आयफोनचा एचईआयसी आणि जेपीईजी एक्सएल या दोहोंतही पारदर्शकतेची सोय आहे, परंतु सर्व ब्राउझरमध्ये ते दिसतील अशी खात्री देता येत नसल्यामुळे दुसऱ्याला पाठवण्यासाठी त्यांवर विसंबू नये.

कागदावरच्या छपाईचे जग या साऱ्यांपासून वेगळे आहे. ऑफसेट छपाई निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शायांनी होते, आणि या सीएमवायके पद्धतीचे रंग लिहिण्याची सोय पीएनजीत नाही. ती पडद्यासाठी घडवली गेली होती. म्हणून मासिकाच्या किंवा पुस्तकाच्या कामात कट केलेले छायाचित्र फोटोशॉपच्या थरांसह, म्हणजे पीएसडीमध्ये, किंवा १९८६ पासून छपाईच्या क्षेत्रात रुळलेल्या टिफमध्ये ठेवणे योग्य ठरते. या दोहोंत चारही शाया आणि अल्फा एकत्र राहतात. छापखान्याला अखेरीस जाणारी पीडीएफ कोणत्या प्रमाणाची आहे, हेही पाहावे लागते, कारण पारदर्शकता पीडीएफमध्ये २००१ साली, १.४ या आवृत्तीपासून आली. पीडीएफ/एक्स-१ए या जुन्या छपाई-प्रमाणात ती चालत नाही आणि सर्व थर आधीच एकजीव करावे लागतात, तर पीडीएफ/एक्स-४ मध्ये ती जशीच्या तशी नेता येते. थर एकजीव करताना कडेला कधी कधी केसासारखी पांढरी रेघ दिसते, म्हणून छापखान्याला विचारून शक्य तिथे दुसरे प्रमाण निवडलेले बरे.

छायाचित्रावर बसवायची देवनागरी अक्षरे पीएनजी म्हणून मिळवण्याची प्रथा फार आहे, आणि ती छायाचित्राच्या नियमाने अक्षरांना वागवते हा तिचा दोष आहे. अक्षर म्हणजे रेषांनी बांधलेला आकार असतो. तो एसव्हीजीमध्ये किंवा वक्ररेषांत बदललेल्या पीडीएफमध्ये ठेवला की पत्रिकेपासून कमानीएवढ्या फ्लेक्सपर्यंत कोणत्याही मापाला त्याची कड तितकीच धारदार राहते आणि वेलांट्या-रफारांचे टोक फुटत नाही. छायाचित्राला हे साधत नाही. त्याचे पिक्सेल मोजकेच असतात.

तेव्हा सर्वांत शहाणपणाची व्यवस्था अशी की मेहनतीने कट केलेल्या छायाचित्राची एक मूळ प्रत पूर्ण मापात पीएसडी, टिफ किंवा पीएनजीमध्ये ठेवावी, तिला पुन्हा कधीही हानीयुक्त फॉरमॅटमध्ये साठवून त्यावरून काम करू नये, आणि संकेतस्थळ, स्टिकर, छपाई या प्रत्येक गरजेसाठी तिच्यातून वेगळी प्रत काढावी. इंटरनेटवरून उतरवलेल्या ‘पारदर्शक’ चित्रांबाबत जास्त सावध राहावे लागते. चित्रसंपादनाची सॉफ्टवेअर रिकामी जागा दाखवण्यासाठी राखाडी-पांढऱ्या चौकटी वापरतात. त्या फाइलचा भाग नसतात. उतरवलेल्या अनेक चित्रांत मात्र त्या चौकटी खऱ्याच रंगवलेल्या असतात, आणि फाइल पीएनजी असूनही चित्र पत्रिकेवर ठेवले की मागे बुद्धिबळाचा पट उमटतो. हे ओळखण्यासाठी आणि स्वतः केलेल्या कटिंगची कड पारखण्यासाठी एकच कसोटी पुरते : चित्राखाली आधी गडद निळी आणि मग फिकट पिवळी जमीन घालून ते दुप्पट मोठे करून पाहावे. गडद जमिनीवर केसांभोवतीची पांढरी किनार लगेच उठून दिसते, पिवळ्या जमिनीवर काळपट सावल्यांचे अवशेष दिसतात, आणि पांढरा गजरा पूर्ण उरला आहे की त्याच्या दोन-चार पाकळ्या भिंतीबरोबर गेल्या आहेत, हेही तिथेच कळते.